कढीपत्त्यावरची वस्ती

अंगणातल्या कढीपत्त्यावर आज सकाळी सात अळ्या दिसल्या. लहान असतात तेव्हा त्या पाखराच्या शिटेसारख्या दिसतात, मोठ्या झाल्या की पानासारख्या हिरव्यागार. सूनबाई औषधाचा फवारा घेऊन आली, तशी मी झाडापुढे खुर्ची टाकून बसले.

"आई, उठा बरं. फोडणीला एक पान उरायचं नाही."

"मग बिनपानाची फोडणी कर. मला जेवायला घालतेस, यांनाही घाल."

तरुणपणी मीही अशीच शहाणी होते. शाळेत मुलांकडून फुलपाखरावर निबंध लिहून घ्यायचे आणि घरी येऊन चिमट्याने अळ्या वेचून मिठाच्या पाण्यात टाकायचे. वर ह्यांच्याकडे तक्रार, "आपल्या अबोलीवर फुलपाखरं का हो येत नाहीत?" काय पण बाई!

आता बसल्याबसल्या दिसतं. अळीचं सगळं जग म्हणजे एक पान. मुंग्यांचा गाव म्हणजे हे झाड. बुलबुलाला मात्र अख्खं अंगणही पुरत नाही. तो इथली अळी पिल्लाच्या चोचीत भरवतो आणि पलीकडच्या टेकडीवर करवंदाच्या बिया टाकत हिंडतो. म्हणजे टेकडीवरची ती जाळी थोडीफार माझ्या ह्या पानांवरच वाढते. सातांतल्या दोन अळ्या तो नेईलच. नेऊ दे, त्याचा हक्क आहे. फवाऱ्याचा नाही.

"किती दिवस बसणार अशा?" सूनबाई वैतागली.

"पंख फुटेपर्यंत," मी म्हटलं. "चहा इथेच आण."