आक्काचं वजन

१७ मार्च २००४. आदल्या दिवशी शिजवलेली हळद अंगणात पसरायची होती. ऊन चढायच्या आत उरकावं म्हणून मी मागच्या खोलीत बारदानं काढायला गेले. ज्वारीच्या कोठीमागे ती रचलेली असत. वरची दोन ओढली आणि मागून पत्र्याचा डबा घरंगळत माझ्या पायाशी आला. झाकण उघडलं. डिंकाचे लाडू, खारीक-खोबरं घातलेले, तुपाने चमकत होते. अर्धा डबा संपलेला होता.

मी तिथेच बारदानावर बसले. दोन महिने आक्काचं वजन का उतरत नाही, हे आता मला कळलं.

आक्का म्हणजे माझी थोरली नणंद. तेव्हा ती पंचेचाळिशीची असेल. बेंबीपाशी तिला हर्निया झाला होता. आधी लिंबाएवढी असलेली गाठ वर्षभरात मोसंबीएवढी झाली. हिंगोलीच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, की वजन एकशे सहा किलो आहे, एवढ्यावर भूल देणं धोक्याचं आणि टाकेही टिकणार नाहीत. आधी दहा-बारा किलो कमी करा, मग ऑपरेशन करू. मात्र गाठीत आतडं अडकलं, तर थांबता येणार नाही. तसंच टेबलावर घ्यावं लागेल, आणि मग खात्री देता येत नाही. काय खायचं, किती खायचं हे कागदावर लिहून त्यांनी तो माझ्या हातात दिला. घरात वाचता येणारी बाई मी एकटीच होते.

सासरी आक्काकडे लक्ष कोण देणार, म्हणून आम्ही तिला माहेरी घेऊन आलो. तिच्या सासरी अकरा माणसांचं घर होतं. गुडघे धरेपर्यंत ती रानात राबली, मग चुलीपाशी बसली. खाणं मात्र रानातलंच राहिलं. सगळे जेवून उठले की टोपल्यात जे उरेल ते तिच्या ताटात. उरलेली भाकर टाकायची नाही, शिळं वरण फेकायचं नाही. गाव म्हणायचं, बाईची तब्येत सुधारली, सुखात आहे.

आमच्या गावात माणूस तोलायचा काटा नव्हता. आठवड्याला मी तिला जीपने कनेरगाव नाक्यावरच्या भुसार दुकानात नेत असे. पोती तोलायच्या काट्यावर ती उभी राहायची. हमाल बघत उभे राहायचे.

"मालक, साडीचा कडता कापा," आक्का म्हणायची. बारदानाचं वजन वजा करतात ना, त्याला कडता म्हणतात. दुकानदारही हसून म्हणायचा, "कापला आक्का, दोन किलो कापला." ती सगळ्यांच्या आधी हसून घ्यायची. जीपमध्ये बसली की गावापर्यंत एक शब्द बोलायची नाही.

पहिल्या आठवड्यात किलोभर उतरलं. नंतर काटा हलेना. गेल्या आठवड्यात एकशे आठ भरलं. मी तेल अर्ध्यावर आणलं, चहातली साखर बंद केली, तिला सकाळ-संध्याकाळ मारुतीच्या पारापर्यंत चालवलं. शेजारची मावशी पाणी भरताना सगळ्यांदेखत म्हणाली, "नणंदेचे घास मोजती म्हणं ही. माहेरी आलेल्या लेकीचे." मी घागर उचलून घरी आले.

डबा घेऊन मी अंगणात गेले. आक्काला खाली बसवत नसे, ती बाजेवर बसून हळकुंडं निवडत होती. डबा पाहून ती दचकलीसुद्धा नाही.

"मायनं केले," ती म्हणाली.

"अन् तुमी खाल्ले."

"मंग काय करू? न्हाई म्हणलं की ती रडती. अन् खोटं काहून बोलू, मलाबी भूक लागती वैनी. तुझी एक भाकर घशातच राहती, पोटापर्यंत पोचतच न्हाई."

"गाठ कशी हाये?"

ती हळकुंडं निवडत राहिली. मी परत विचारलं.

"आधी आडवी झाले की आपोआप आत जायची," ती खालच्या आवाजात म्हणाली. "आता दाबून बसवावी लागती. काल लई वेळ बसंना. मायला सांगू नको."

आतडं अडकलं तर, हे डॉक्टरांचं बोलणं मला आठवलं. हळद पसरायची तशीच राहिली.

सासूबाई गोठ्यातून आल्या. मी डबा त्यांच्यापुढे ठेवला. त्या अजिबात ओशाळल्या नाहीत.

"ऑपरेशनला अंगात ताकद लागती," त्या म्हणाल्या. "तू तिला उपाशी मारून राहिली. मरतुकडं माणूस त्या टेबलावरून उठत न्हाई."

असं त्या का म्हणतात ते मला माहीत होतं. त्यांची धाकटी लेक बाळंतपणात गेली. तेव्हा डॉक्टर सगळ्यांसमोर म्हणाले होते, हिच्या अंगात रक्तच नाही, घरात खायला घालत नव्हता का? ते त्यांनी एवढी वर्षं मनात धरलं होतं. धाकट्या लेकीचं खापर त्यांच्यावर फुटलं होतं. थोरलीचं माझ्यावर फुटणार, हे मला तेव्हा स्वच्छ दिसत होतं.

"आत्याबाई, डॉक्टरनी कागदावर लिहून दिलंय."

"कागदानं भूक भागती का?"

दुपारी मी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "मायला काय म्हणू मी? तूच बघ." बघायचं काम माझं होतं, पण ऐकायला कुणीच तयार नव्हतं.

त्यात संध्याकाळी दाजी आले, आक्काचे मालक. पाडवा चार दिवसांवर होता. ओसरीवर बसून त्यांनी बायकोकडे पाहिलं.

"तब्येत तर झ्याक दिसून राहिली. चला आता घरी. पाडव्याला घरची बाई घरी पाहिजे. पुरणाचं कोण बघल?"

"आक्का जाणार न्हाईत," मी म्हणाले.

"काहून? दोन महिने झाले की. तुमच्यानं उतरलं न्हाई न वजन? मंग तिकडं राहिली काय अन् इकडं राहिली काय."

सासूबाई आत जाऊन लेकीसोबत द्यायची पिशवी भरू लागल्या. तो डबा सगळ्यात आधी आत गेला. आक्का खांबाला टेकून बसली होती. जाते म्हणाली नाही, राहते म्हणाली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आंघोळीचं पाणी तापवलं आणि सासूबाईंना हाक मारली. लेक सासरी निघाली, तिची पाठ तुम्हीच चोळा म्हणाले. त्या खुशीत आल्या. आक्का न्हाणीत स्टुलावर बसली होती. तिने मला डोळ्यांनी नको म्हटलं. मी सासूबाईंचा हात धरला आणि तिच्या पोटावर, गाठीवर नेऊन ठेवला.

"हे काय गं?"

"आतडं हाये. आतून बाहेर आलंय."

त्यांनी हात काढला नाही. "दुखतं का?" त्यांनी लेकीला विचारलं.

"व्हय माय."

"अन् खाल्ल्यानं?"

"वाढते," मी म्हणाले. "वजनानंच वाढते ती." मला त्यांच्यावर दया करायला सवड नव्हती.

सासूबाई तिथेच ओल्या फरशीवर खाली बसल्या. मी तांब्या आक्काच्या हातात दिला आणि बाहेर आले. दाजी ओसरीवर चहा पीत होते. मी सांगितलं, की आक्का येणार नाहीत, पाडवा तुमचा तुम्ही करा.

"किती दिवस?"

"वजन उतरेपर्यंत."

"अन् न्हाई उतरलं तर?"

मी भरलेल्या पिशवीतून आक्काच्या साड्या काढून घेतल्या, लाडवांचा डबा आत तसाच राहू दिला आणि पिशवी त्यांच्या हातात दिली. एस.टी. यायला दहा मिनिटं होती, तेवढं त्यांना सांगितलं.