शाळेच्या छतावरचे बिबडे

आमच्या गावच्या शाळेच्या इतिहासात माझं नाव कुठेच नाही, ते बरंच आहे.

अमळनेर तालुक्यातलं आमचं गाव लहान. शाळा दुसरीपर्यंतच. पुढे शिकायचं तर नाला ओलांडून शेजारच्या गावाला. मुलं जायची, मुलींना कुणी पाठवत नसे. माझी सुनंदा तेव्हा दुसरीत होती. त्या साली शाळेला नवी खोली झाली. तालुक्याच्या शिक्षण खात्याच्या साहेबांनी ती पाहून पसंत केली की तिसरी-चौथी सुरू होणार होती.

आमच्या घरांची धाबी मातीची. शाळेचा मात्र सिमेंटचा स्वच्छ स्लॅब. (सरकारने तो बिबड्यांसाठीच बांधला, असं आम्ही बायका धरून चाललो होतो.) उन्हाळ्यात ज्वारीचे बिबडे, म्हणजे जाडसर पापड, कपड्यांवर थापायचे आणि शिडीने वर नेऊन वाळत घालायचे.

साहेब येण्याच्या आदल्या दिवशी गुरुजी म्हणाले, "वहिनी, उद्या छतावर बिबडे नकोत. सगळ्यांना सांगा."

मी मान हलवली. पण पंधरा बायकांना सांगायचं म्हणजे पंधरा वेळा बोलायचं. मी एकीलाही सांगितलं नाही. सकाळी पाहते तर छत पांढरं झालेलं.

मग मी एकटीच वर चढले आणि कपडे गोळा करू लागले. तेवढ्यात मुलांनी तोरण बांधायला शिडी नेली आणि जीप आली.

साहेब खाली खोली पाहत होते. "छत गळतं का? मला वरून पाहायचंय."

शिडी परत लागली. साहेबांचं डोकं वर आलं. मी हनुवटीपर्यंत पदर ओढून उभी, दोन्ही हातांत ओले कपडे, कोपराला एक बिबडा चिकटलेला.

"कोण तुम्ही?"

खालून सासूबाई ओरडल्या, "मन्ही सून शे, साहेब. लाजाळू शे, बोलत नही."

मला डोळ्यांसमोर सुनंदाच दिसली. मी बोलले.

"छत पक्कं आहे, साहेब. रोज पंधरा जणी चढतो. त्यात आमच्या थोरल्या जाऊबाईपण असतात."

साहेबांनी खाली पाहिलं. जाऊबाई दारातच होत्या, दार भरून. साहेबांनी पुढे काही तपासलं नाही.

"चौथीपर्यंत वर्ग द्या," मी म्हटलं. "मी माहेरी चौथी शिकले. नाहीतर माझी पोरगी माझ्यामागे राहील."

साहेब शिडीची आणखी एक पायरी चढले. मग माझ्या कोपराकडे बोट दाखवून म्हणाले, "हा ओला खातात का?"

जाऊबाईंनी वजनाचा राग गिळून तेल-तिखट लावून चार बिबडे दिले.

जूनमध्ये दोन्ही वर्ग मंजूर झाले. कागदावर खाली एक ओळ होती: छतावर वाळवण घालू नये. पुढच्या उन्हाळ्यात सगळ्यांचे बिबडे मातीच्या धाब्यावर वाळले आणि दाताखाली कचकच आली की घरोघर माझं नाव निघायचं.

सुनंदा चौथी पास झाली. गुरुजींचे आणि त्या साहेबांचे उपकार मी रोज आठवते, पण समोर जाऊन बोलायला जमलं नाही. आता पाहुण्यांनी मला काही विचारलं की सासूबाईच उत्तर देतात, "पहिले तिले छतवर चढावा, मंग बोलस ती."