पेटीतला एक नंबर

"एक नंबर माझा. मुख्याध्यापक मी आहे की नाही?"

"आहात सर. पण एक नंबर कुणाचाच नसतो. त्यातून बाहेरची लाइन आत येते."

"मग लाइनला चारमध्ये लाव. तिला काय फरक पडतो?"

पेटीवाल्याने कपाळाला हात लावला. सरांच्या हातात अजून ती उपटलेली वायर लोंबत होती.

झाडू-फिनाइलच्या खोलीत भिंतीवर टांगलेल्या पेटीवरून त्याला हे नाव पडलं होतं. शाळेत येणारं नेट आधी त्या पेटीत उतरायचं आणि तिथून तीन वायरींनी खोल्यांमध्ये जायचं. कुणाला किती द्यायचं, गर्दी झाली की आधी कुणाला सोडायचं, हे पेटीत ठरवून ठेवणं त्याचं काम. त्यामुळे बोलणी खाणंही त्याचंच.

दोन नंबरवर ताईचा वर्ग होता. ताई म्हणजे त्याची सख्खी थोरली बहीण. ऐकू न येणारी मुलं घरून पडद्यावर दिसायची, ती त्यांना खुणांच्या भाषेत शिकवायची. आवाज तुटला तर माणूस अंदाज तरी बांधतो, पण हात मध्येच गोठला की शब्दच गेला. आणि हात रोज गोठायचा, कारण ऐन दुपारी सर आपल्या भाषणांचे व्हिडिओ चढवत बसायचे. आणखी एकदा अडकलं तर मुलं काढून घेऊ, असं पालकांनी ताईला बजावलं होतं. मुलं गेली तर वर्ग बंद, हे सरांनी.

म्हणून त्याने पेटीत बसवून टाकलं: गर्दी झाली की निम्मं नेट ताईचं, उरलेल्यात ऑफिस, आणि सरांचे व्हिडिओ सगळ्यांत शेवटी.

सरांना वेग मंदावल्याचं लगेच कळलं. तपासाला आले ते थेट पेटीसमोर. आपली वायर चार नंबरला आणि ऑफिसची तीनला बघून त्यांचा पारा चढला. आकडे फक्त ओळखीपुरते असतात, मानापानाचे नसतात, हे त्याने परोपरीने सांगितलं. शेवटी वैतागून म्हणाला, तुमच्या चारवर एकची चिठ्ठी चिकटवतो. सरांना ती थट्टा वाटली.

आज पालक मुलांशेजारी बसून वर्ग बघणार होते. तास रंगात आला, आणि सरांनी स्वतः जाऊन एक नंबर उपटून तिथे आपली वायर खोचली. अख्खी शाळा ठप्प.

पेटीवाल्याने सरांच्या हातून लाइन काढून घेतली आणि जागेवर बसवली. सरांची वायर परत चारमध्ये गेली. हिरवे दिवे लुकलुकायला लागले. जरा वेळाने ताई दारात आली. तिचे हात अजून अर्धवट उचललेलेच होते.

"आता टिकेल का?"

"टिकेल. किती जण गेले?"

"दोघं परत आलेच नाहीत. बाकीचे थांबलेत, पण चेहरे बघवत नाहीत," म्हणत ती धावतच मागे वळली.

सर तिच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघत राहिले. मग अगदी हळू आवाजात म्हणाले, "खरं सांग. ती तुझी बहीण नसती, तर दिलं असतंस तिला निम्मं?"

पेटीवाल्याने पेटीचं झाकण लावलं, कुलूप घातलं, किल्ली खिशात टाकली आणि सरांच्या बाजूने वाट काढत बाहेर पडला.