लातूरच्या व्याह्यांची सिगार

वाईटाला तोंडावर वाईट म्हणणारी माणसं मराठवाड्यात गल्लोगल्ली मिळतात. पण चांगल्यालासुद्धा चांगलं म्हणायचं नाही, असं व्रत जन्मभर पाळणारा माणूस मी एकच पाहिला, आणि तो नेमका आमचा व्याही निघाला. म्हणजे तुमचे लातूरचे आबा. सानू, तू मागे विचारलंस की आबा फोनवर नुसतं 'हं' म्हणतात, ते एरवी कसे आहेत? ते फोनवर सांगता येण्यासारखे नाहीत, म्हणून लिहिते. निनाद, तूही वाच. यातलं बरंचसं तुझ्याबद्दल आहे. मराठीत लिहिते, कारण आबांचं इंग्रजी होत नाही. मी पस्तीस वर्षं नांदेडला इंग्रजी शिकवलं आहे, तेव्हा प्रयत्न करून पाहिला असं समजा.

आबा लातूरच्या मार्केट यार्डात एका दाळमिलचे खरेदीदार होते. सकाळी यार्डात तुरीचे ढीग पडायचे, आणि आबा पांढरा सदरा घालून, हात मागे बांधून त्यांच्यामधून असे फिरायचे की जणू परीक्षेच्या हॉलमधले पर्यवेक्षक. ढिगाच्या पोटात हात घालायचा, मूठभर दाणे काढायचे, त्यातला एक दाढेखाली धरून फोडायचा. मग आबा त्या तुरीची सगळी जन्मपत्रिका मनातल्या मनात वाचत. रान काळं की मुरमाड, पाणी किती वेळा दिलं, पोत्यात भरताना घाई झाली का. एकदा म्हणे त्यांनी अहमदपूरकडच्या एका शेतकऱ्याला सांगितलं होतं, "तुमची तूर तुमच्या बंधूच्या तुरीत मिसळली हाय." त्या दोघा भावांचं भांडण होतं आणि तूर खरोखरच एकाच खळ्यावर झाली होती. हे मला आबांनी सांगितलेलं नाही. स्वतःबद्दल चांगलं बोलणंही त्यांच्या व्रतात बसत नाही.

तुमच्या आईच्या लग्नात मंडपाच्या मागे स्वयंपाक चालला होता. वरपिता असलेले हे गृहस्थ तिकडे गेले, पातेल्याशेजारच्या पोत्यातला एक दाणा चावला, आणि मंगलाष्टकं सुरू व्हायच्या आधी तुमच्या नांदेडच्या आजोबांना बाजूला घेऊन म्हणाले, "व्याही, दाळ मागच्या सालाची हाय. शिजायला येळ लागंल, पंगत अर्ध्या तासानं बसवा." यजमानांचा चेहरा पडला, पण पंगत खरंच अर्ध्या तासाने बसली आणि वरण लोण्यासारखं झालं होतं. आबांच्या एका साडूंची तूर त्यांनी भर यार्डात नाकारली होती. साडूंनी अकरा वर्षं बोलणं टाकलं. "मंग काय झालं?" आबा म्हणतात. "बोलणं बंद झालं, पण तूर सुधारली."

अशा माणसाच्या जिभेचं निवृत्तीनंतर काय करायचं, हा घरच्यांपुढे प्रश्न होता. दोन वर्षं त्यांनी घरच्या जेवणावर काम केलं. तुमच्या लातूरच्या आजी मला फोनवर सांगायच्या, "ताई, ह्ये रोजच्या आमटीचा लिलाव करून राहिले!" तेवढ्यात तुमचे बाबा परदेशातून सुट्टीवर आले. बापाला काय न्यावं हे न सुचून त्यांनी विमानतळावरून सिगारींचा एक डबा उचलला होता: हाताने वळलेल्या, भारीतल्या, आणि डब्यावर 'मीडियम' असं छापलेल्या. तंबाखू वाईट असते, हे मी इथे एकदा लिहून ठेवते, म्हणजे पुन्हा लिहायला नको. आबांनी यार्डातही तंबाखू खाल्ली नव्हती, जीभ मरते म्हणून. पण हा डबा त्यांनी उघडला, एक सिगार नाकाशी धरली, आणि चाळीस वर्षं ढिगात हात घातलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर पुन्हा काम आलं.

डब्यात एक कागद होता. तो मी वाचून दाखवावा असं ठरलं. तेव्हाही मी आजच्यासारखीच दर महिन्याच्या पहिल्या रविवारी लोहा-अहमदपूरमार्गे एसटीने लातूरला जात असे, कारण दोन्ही घरांनी मिळून तुम्हाला फोन करायचा, हा तुमचे नांदेडचे आजोबा गेल्यापासूनचा रिवाज. कागदावर लिहिलं होतं की हिच्या चवीत देवदाराचं लाकूड, चामडं आणि कोको आहे.

"कोको म्हंजे?"

"चॉकलेट ज्याचं करतात ते बी."

"मी खाल्लंय का?"

"चॉकलेट खाल्लं असेल. बी नाही."

"मंग ते खोडा. देवदारबी आपण बघितलं न्हाई, तेबी खोडा." कागदावर फक्त चामडं उरलं. "ह्ये ठीक हाय," आबा म्हणाले. "पर कोरं न्हाई. तेल पाजलेलं."

पुढच्या काही महिन्यांत त्यांनी तो कागद आपल्या पद्धतीने पुन्हा लिहून घेतला, आणि लेखनिक अर्थातच मी. पहिल्या भागात भाजलेल्या हरभऱ्याचं साल. मधल्या भागात गुऱ्हाळातली कढई रिकामी झाल्यावर तिच्या कडेला राहते ती खरवड. शेवटच्या भागात मिरी, पण जिभेच्या टोकाला नाही, घशाच्या दाराशी. मी वाऱ्याच्या उलट बाजूला खुर्ची टाकून बसते आणि असल्या वर्णनांवर माझा विश्वास नसतो; पण एका रविवारी धूर चुकून माझ्याकडे वळला आणि मला खरोखर गुऱ्हाळाचा वास आला. मी ते कबूल केलं. आबा म्हणाले, "हं." तो त्यांचा आनंद होता.

सिगार ओढायची त्यांची पद्धत कोणत्याही इंग्रजी पुस्तकात सापडणार नाही. टोक कापायला अडकित्ता. पेटवायला काडी, लायटर नाही, कारण लायटरचा वास चवीत उतरतो. आग लागताना सिगार गोल फिरवायची, पापडाची कड भाजतात तशी. धूर आत घ्यायचा नाही, "चूळ भरल्यावानी तोंडात फिरवायचा अन् सोडायचा." दोन झुरक्यांत एवढं अंतर ठेवायचं की शेजारच्या माणसाला वाटावं, विझली. राख झटकायची नाही. ती बोटाएवढी होऊन आपणहून पडली तर वळणाऱ्याचा हात चांगला. आणि पेटवण्याआधी सिगार कानाशी धरून दोन बोटांत हलकेच दाबायची. "करकरली तर सुकली. गप्प बसली तर वली. हळूच कुजबुजली पायजे."

ती कुजबुजावी म्हणून लागतो ओलावा, आणि लातुरात नेमकं तेच दुर्मीळ. नळाला पाणी येतं ते आठवड्याने, उन्हाळ्यात त्याहूनही उशिरा. आलं की अख्खी गल्ली हंडे-बादल्या घेऊन धावते. अशा गावात आबांनी सिगारींसाठी एक छोटा माठ घेतला, आत फळी बसवली, फळीखाली पाण्याची वाटी, आणि वर रोज सकाळी ओलं केलेलं फडकं. तुमच्या आजींनी हा माठ पहिल्यांदा पाहिला तेव्हा त्या मला हाताला धरून मागच्या अंगणात घेऊन गेल्या. "बगा ताई. माणसाला प्यायला पाणी न्हाई, अन् ह्यांच्या विड्या आंघोळी करून राहिल्या!"

"वाटीभर पाणी लागतंय," आबा म्हणाले.

"वाटीभर पाण्यात माजी तुळस जगती!"

त्यावर आबांनी आपल्या आंघोळीतला एक तांब्या कमी केला, आणि तो प्रश्न मिटला.

'मीडियम' हा शब्द मात्र त्यांना कागदातल्या सगळ्या शब्दांपेक्षा जास्त आवडला. जहाल सिगार म्हणजे भांडखोर पाहुणा, मवाळ म्हणजे न बोलणारा. मध्यम ती, जी बळजबरीने बसवत नाही, पण शेवटपर्यंत उठूही देत नाही. मग ते माणसांनाही हेच माप लावू लागले. त्यांना तपासणारे डॉक्टर जहाल. तुमचे बाबा मवाळ. मी मध्यम असल्याचं त्यांनी सांगितलं, आणि इतक्या वर्षांत मला मिळालेलं हे त्यांचं एकमेव प्रमाणपत्र आहे.

निनाद, आता तुझ्या डब्याकडे येते. बाबांचा शेवटचा डबा संपून दोन महिने झाले होते आणि बाबांचं येणं त्या वर्षी लांबलं होतं. माठ रिकामा होता, तरी फडकं रोज ओलं होत होतं. तुझ्या पहिल्या पगारातून, कुठल्याशा समुद्रकिनारी सुट्टीला गेला असताना घेतलेला पंचवीस सिगारींचा तो डबा एका ओळखीच्यांबरोबर आला. लाकडी डबा, प्रत्येक सिगारीला सोनेरी पट्टी. पहिला रविवार होता. संध्याकाळी तुला फोन करून तुझ्यादेखत पहिली पेटवायची असं ठरलं होतं. मी दुपारी पोचले तेव्हा आबा मागच्या अंगणात कडुलिंबाखाली बसले होते आणि त्यांच्यासमोर वर्तमानपत्रावर एक सिगार उभी चिरून ठेवलेली होती, शेंग सोलावी तशी. आत अख्खं पान एकही नव्हतं. चुरा, काड्या आणि देठं.

"कुटार भरलंय," आबा म्हणाले. मळणीनंतर उरलेला भुसा जनावरांपुढे टाकतात, ते कुटार. "वरून एक पान गुंडाळलं, बास. पोरगं फसलं, विहीणबाई."

"पहिल्या पगाराचं हाय ओ," तुमच्या आजी दारातून म्हणाल्या. "एक डाव गोड बोला."

"पगार पयला असो का शेवटचा, माल तो माल. आज न्हाई सांगितलं तर उद्या आणखी फसंल. साडूला सोडलं न्हाई, नातवाला का सोडू?"

खरं सांगायचं तर मला त्यांचंच पटत होतं. मीही कधी नापास उत्तरपत्रिकेला मार्क वाढवून दिले नव्हते. आजी मात्र रागाने आत गेल्या आणि भांडी गरजेपेक्षा जोरात लावू लागल्या.

पाच वाजता फोन लागला. तू पडद्यावर आलास, मागे तुझी खोली, आणि तू खुर्चीत नीट बसलाही नव्हतास. आबांनी दुसरी सिगार घेतली, अडकित्ता लावला, कड फिरवत पेटवली, एक झुरका तोंडात फिरवला. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं; ते भावनेचं नव्हतं, तो धूरच तसला होता. त्यांनी बोलायला तोंड उघडलं, आणि त्याच वेळी तू म्हणालास, "आबा, मी दुकानात अर्धा तास उभा होतो. एकेक डबा उघडून, प्रत्येक सिगार कानाशी धरून दाबून बघितली. तुम्ही शिकवलं तशी. दुकानदार हसत होता. हाच डबा कुजबुजला."

आबांनी उघडलेलं तोंड मिटलं. हातातल्या सिगारीची राख त्यांच्या धोतरावर पडली. मग ते म्हणाले, "उचलला."

तू टाळी वाजवलीस आणि आतल्या कुणाला तरी ओरडून सांगितलंस की आबांनी पास केलं. तुला त्या शब्दाचा नेमका अर्थ माहीत असण्याचं कारण नाही. यार्डात खरेदीदार दाणा फोडून एक तर 'न्हाई' म्हणतो आणि पुढे जातो, किंवा 'उचलला' म्हणतो. माल चांगला आहे असं तो म्हणत नाही. फक्त सगळा ढीग आता त्याचा झाला. म्हणजे आबा खोटं बोलले नाहीत. फोन ठेवल्यावर आजींनी विचारलं, "समद्या वढणार?"

"हाव. ढीग उचलला की खालचा कचराबी आपलाच."

पुढचे तीन महिने ते दर रविवारी एक ओढत होते. काढा घेताना लहान मुलं करतात तसं तोंड करून, झुरक्यांमध्ये अंतर न ठेवता, लवकर संपावी म्हणून. आजी दर वेळी गुळाचा खडा आणून हातावर ठेवायच्या आणि काही बोलायच्या नाहीत, ही त्या घरातली मोठी घटना होती. तोवर तुझी नोकरी बदलली, नवं शहर, कामाच्या वेळा वेगळ्या. पहिल्या रविवारी कधी सानू भेटायची, कधी तुमची आई. तू धावतपळत येऊन हात हलवून जायचास. त्यात काही गैर नाही; मी फक्त झालं ते लिहिते आहे.

मग माझ्या लक्षात आलं की दर रविवारची सिगार आता महिन्याला एकीवर आली आहे. आणि झुरक्यांमधलं अंतर पुन्हा पूर्वीसारखं झालं आहे. गेल्या महिन्यात मी गेले तेव्हा माठात तीन उरल्या होत्या. त्यांतली एक त्यांनी पेटवली. मी म्हटलं, "व्याही, एवढ्या वाईट आहेत तर एकदाच्या संपवून टाका."

"संपल्या की पोरगं इचारंल, आबा, संपल्या का? कशा होत्या? मंग खरं सांगावं लागंल."

त्यांना बरं वाटावं म्हणून मी माझ्या पद्धतीने व्यवस्थित समजावून सांगितलं. निनाद कामात आहे. डबा पाठवून त्याला आता वर्ष होत आलं. तो कदाचित विचारणारही नाही.

आबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. ते राखेकडे पाहत होते. ती वाकडी होऊन लोंबत होती.

"त्येच तर," ते म्हणाले. "न्हाई इचारलं तर?"

थोड्या वेळाने त्यांनी सिगार दगडावर हलकेच टेकवून विझवली. विझवलेली सिगार पुन्हा पेटवली की तिला शिळ्या पिठल्याची चव येते, हे मला त्यांनीच सांगितलं होतं. पण ती त्यांनी फेकली नाही. ओल्या फडक्याच्या एका कोपऱ्यात गुंडाळली, माठात फळीवर ठेवली, आणि वर झाकण घातलं.

अडीच उरल्या आहेत.