पांढरी ठेवली, पिवळी उपटली

थिटे सरांची आणि माझी पहिली ओळख तालुक्याच्या कॉलेजात झाली. त्या दिवशी माझ्या डोक्यात जो गोंधळ झाला, तो सरांची पंचाहत्तरी आली तरी मिटलेला नाही. गौरवग्रंथात असं लिहावं की नाही, याचाही गोंधळ आहेच.

सर वर्गात आले ते दोन उपटलेली रोपटी घेऊन. एक पांढऱ्या फुलांची तिळवण, एक पिवळ्या. मुळांना माती तशीच. "या दोघी जवळच्या नात्यातल्या," सर म्हणाले. "पिवळी गव्हा-भातासारखं अन्न तयार करते. पांढरी मात्र बाजरी-उसाच्या वाटेनं गेली. का गेली असेल?" आम्ही वह्या उघडून उत्तराची वाट बघत बसलो. तास संपला तेव्हा सर म्हणाले, "मलाही नीट माहीत नाही. तुम्हाला कळलं तर सांगा." शिक्षकांनी असं बोलायचं असतं का? पिंपळवंडीहून एसटीनं धक्के खात आलेली मी पार चक्रावून गेले.

वाचकांपैकी अनेकांचा हा विषय नाही, म्हणून मला उमगलं तेवढं सांगते. बहुतेक झाडं हवेतला कार्बन घेतात आणि थेट साखर करायला लागतात. कडक उन्हात या कामात घोटाळा होतो, कार्बनऐवजी ऑक्सिजन धरला जातो आणि मेहनत वाया जाते. बाजरी, मका, ऊस यांनी त्यावर तोड काढली. आधी कार्बन गोळा करायचा, पानाच्या शिरेभोवती हिरव्या पेशींचं कडं असतं तिथं नेऊन पोचवायचा आणि साखर तिथंच करायची. इथवर ठीक. पण गहूही गवतच आणि बाजरीही गवतच! मग एकानं वाट बदलली, दुसऱ्यानं नाही, असं का? बरं, एकदाच झालं असतं तर योगायोग म्हटलं असतं. हे वेगवेगळ्या कुळांत पुन्हा पुन्हा झालंय, एकमेकांना न विचारता. सरांनी वीसदा समजावलं, वीसही वेळा कळलं, आणि एसटीत बसेपर्यंत पुन्हा गुंता. एकदा मी म्हटलं, "म्हणजे आमच्या चुलत्यांसारखं, सर. एक शेतात राहिले, एक कंपनीत गेले." सर हसले. "झाडांना कंपनीत जायचं नसतं हो, सुमनताई. इतकं सोपं करू नका." सर सगळ्याच विद्यार्थ्यांना अहो-जाहो करत. आम्हाला त्याची सवय व्हायला वर्ष गेलं.

पुढं सरांच्याच हाताखाली मी पीएचडीला नाव घातलं. वडिलांच्या रानात शेजारी शेजारी दोन वाफे केले, एकात पांढरी, एकात पिवळी. माती तीच, पाणी तेच. दर आठवड्याला पानं तोडायची, सूक्ष्मदर्शकाखाली बघायची, मोजमापं वहीत लिहायची. लग्न, नोकरी, बाळंतपण यांत वर्षं गेली होती आणि ही शेवटची मुदत होती. हा हंगाम हुकला की नोंदणीच रद्द होणार होती.

भाद्रपदात चार दिवस कामाला पुण्याला गेले. परत येऊन बघते तो पिवळीचा वाफा साफ! सगळी रोपं बांधावर वाळत पडलेली. आई कौतुकानं सांगायला लागली, "लई तण झालं व्हतं तुज्या वाफ्यात. सावडीच्या बाया आल्या व्हत्या खुरपायला, म्हनलं हातासरशी ह्ये बी काढा. भाजीची तेवढी ठिवली बघ." आमच्याकडे पांढरी तिळवण भाजीला चालते, पिवळी कुणी खात नाही. सावडीनं एकमेकींच्या रानात राबणाऱ्या त्या बायांनी त्यांच्या हिशेबानं वाफा नीट निवडला होता. मी आईला नको नको ते बोलले. ती पुन्हा त्या वाफ्यांकडे फिरकली नाही.

आता जे लिहिते ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही. त्या दुपारी मी उरलेल्या आठवड्यांची मोजमापं मनानंच लिहून काढली. मागच्या आठवड्यांचे आकडे थोडे इकडेतिकडे करून.

दुसऱ्या दिवशी सर आले. वाफा पाहिला, वही चाळली. शेवटच्या पानांपाशी थांबले, कारण तिथल्या तारखा अजून उगवायच्या होत्या! घाईत माझ्या ते लक्षातच आलं नव्हतं. सरांनी वही मिटली आणि आईला म्हणाले, "वहिनी, ठेवलेल्या तिळवणीची भाजी मिळेल का?" दोनदा मागून घेऊन जेवले. आईच्या चेहऱ्यावर कालपासून गेलेली रया परत आली.

निघताना मला म्हणाले, "ती पानं ठेवायची की फाडायची, हे तुम्ही ठरवा. मी सही करीन ती उपटलेल्या वाफ्याच्या नोंदीवर." आवाज चढला नाही. मला मात्र जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. मी पानं फाडली आणि चुलीत घातली.

सर पुढच्या उन्हाळ्यात निवृत्त व्हायचे होते. तरी ते माझ्यासाठी विद्यापीठात तीनदा गेले, एक हंगाम मागून आणला, आणि निवृत्तीनंतर दर आठवड्याला घोडेगावच्या घरून एसटी बदलत पिंपळवंडीला आले. माझ्या प्रबंधात एक वाक्य आहे: 'पहिल्या वर्षी पिवळ्या तिळवणीचा वाफा खुरपणीत गेला.' परीक्षक हसले. सर हसले नाहीत.

एवढं करून 'का' ते कळलं का? नाही. परवा सरांना विचारलं, "सर, उत्तर मिळालं?" म्हणाले, "छे! उलट प्रश्न वाढलेत." आणि लहान मुलासारखे खूश झाले. पंचाहत्तराव्या वर्षी माणूस न कळल्याचा इतका आनंद कसा मानतो, तेही मला कळत नाही.

सरांना पुढची अनेक वर्षं निरोगी जावोत असं लिहिणार होते, पण आईनं निरोप दिलाय तोच देते. आई अजून रानात बसून खुरपते. हल्ली प्रत्येक खुरपणीत बांधाकडेला पिवळीचं एक रोप तिच्या हातून सुटतं. मी म्हटलं, "आई, हे राहिलं की." ती म्हणाली, "राहिलं न्हाई, ठिवलंय. सरांचं हाय त्ये. त्यास्नी सांग, दर साली ठिवनार हाय, दर साली बगायला या म्हनावं."