अमावस्येला ये

"महिन्यातून एकदा पुरे. अमावस्येला येत जा. नाहीतरी चांगल्या दिवशी सकाळी सकाळी तुझं तोंड कोणाला बघायचंय?"

सोसायटीचे सेक्रेटरी बोलले आणि अख्खी मीटिंग हसली. बायकासुद्धा. मी पंपाच्या खोलीजवळ उभी होते. मला बोलावून घेतलं होतं. विचारायला.

विचारायला! आणि मी मूर्ख, वाटभर मनाशी शब्द जुळवत आले होते. ऐंशी सालाच्या आसपासची गोष्ट. जूचंद्र गावाच्या कडेला आमची वस्ती. तिथून चालत वसई स्टेशनजवळच्या त्या नव्या इमारतीत यायचे. घराघरातल्या बाटल्या, पत्र्याचे डबे, पुठ्ठे, दुधाच्या पिशव्या गोळा करून भंगारवाल्याला द्यायचे. त्यावर माझं आणि माझ्या विधवा जावेचं पोट. माझी फेरी किती दिवसांनी असावी, यावर ती मीटिंग होती. मी सांगितलं, "आठवड्यातून दोनदा तरी येऊ द्या. पुठ्ठा भिजतो, पिशव्यांना वास सुटतो, उंदीर होतात. मंग कोन घेईल तो माल?"

माझं बरोबर होतं. काम मी करत होते, ते नव्हते. तरी ठरलं अमावस्येचंच.

महिन्यातून एकदा म्हणजे उपासमारच. तरी गेले. जिना चढायची मला बंदी. माझी जात त्यांना वेगळी सांगावी लागली नव्हती. खाली उभी राहिले. गॅलऱ्यांतून महिन्याचा साठा खाली यायला लागला. "सांभाळ गं!" म्हणेपर्यंत पिशवी अंगावर. अळ्या पडलेलं, आंबलेलं. दुसऱ्या मजल्यावरची दोन पोरं नेम धरत होती. त्यांची आई मागे उभी राहून हसत होती. एका पिशवीत लोणच्याची फुटकी बरणी निघाली. तळहात फाटला. रक्त थांबेना.

तळमजल्यावर एक मास्तरीणबाई राहायच्या. गोड बोलायच्या. त्यांच्या दाराशी गेले. "बाई, जरा पानी द्या. हात धुते."

"नळाला हात लावू नकोस हं. थांब, मीच घालते."

पितळी तांब्यातून त्यांनी वरून धार धरली. अंग चोरून, हात लांब करून. पाणी संपलं. मग तो तांब्या त्यांनी माझ्या गोणीत टाकला.

"हाही घेऊन जा. आता घरात नको."

माझं बोटसुद्धा त्याला लागलं नव्हतं.

भंगार मला कळतं. तो तांब्या ठणठणीत होता. ना चीर, ना पोचा. विकला असता तर आठवडाभर चूल पेटली असती. माझ्या जखमेवर पाणी घातलं, एवढ्याने तो कचरा झाला. मग मी कोण? आजवर हे ठाऊक नव्हतं असं नाही. आजवर गिळत आले होते. त्या दिवशी गिळवेना.

तांब्या बाहेर काढला. रक्ताच्या हाताने, मुद्दाम. बाईंच्या उंबऱ्यावर ठेवला. मग फाटकात गोणी उलटी केली.

"तुमचं तुमी ठेवा."

मागून शिव्या आल्या. जातीवरून आल्या. मी वळले नाही.

पंधरा दिवसांनी सेक्रेटरी वस्तीवर आले, नाकाला रुमाल लावून. इमारतीत उंदरांनी उच्छाद मांडला होता. "आठवड्यातून दोनदा ये, तू म्हणालीस तसं. पण जिना चढायचा नाही. आणि बाईंची माफी मागायची."

घरात दाणा नव्हता. जाऊ मागून मला कोपराने ढोसत होती, हो म्हण, हो म्हण.

"येनार नाय," मी म्हटलं. "रोज बोलावलंत तरी नाय."

ते गेल्यावर जाऊ रडली. मला वाट्टेल ते बोलली. तिचंही खोटं नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून आम्ही दोघी मिठागरात पाट्या वाहायला लागलो. जखम भरली नव्हती. मीठ आत जायचं आणि मी गुरासारखी ओरडायचे. ओरडले, पण त्या इमारतीत परत गेले नाही. ज्या दाराला माझ्या हाताचा विटाळ होतो, त्या दारातली घाण हा हात उचलणार नाही. मेले तरी नाही.