नवरदेव अमरावतीतच

आमच्या ऑफिसात किस्से शोधावे लागत नाहीत, फोन वाजला की एक पदरात पडतोच! कापसाच्या जिनिंगच्या वजनकाट्याचं सॉफ्टवेअर करतो आम्ही तिघं: कोरडेसर, सलीमभाई आणि मी. अमरावतीत सगळं झकास चालतं, अकोल्याला पोहोचलं की बंद!

*

सलीमभाईंचा पहिला प्रोग्राम अकोल्याच्या जिनिंगमध्ये गेला. स्क्रीनवर एकच रड, डीएलएल नावाची जोडीची फाइल सापडत नाही.

"अरे, पाठवली ना फाइल!" सलीमभाई तडकले.

पाहिलं तर गेली होती 'लिब' फाइल, म्हणजे इम्पोर्ट लायब्ररी. प्रोग्राम तयार करताना ती फक्त सांगते, अमुक काम तमुक डीएलएलमध्ये आहे. खरं काम करणारी डीएलएल आमच्याच मशीनवर!

सर म्हणाले, "सलीमभाई, पत्रिका पाठवली तुमी. नवरदेव इथंच बसून राहिला!"

*

पुढे एकदा नवी डीएलएल घेऊन मीच बडनेऱ्याहून अकोल्याची गाडी पकडली. विंडोजच्या सिस्टम फोल्डरमध्ये टाकली, तरी जुनीच एरर! चहावर चहा झाले. मी येरझारा घालतोय आणि काट्यावरचे वानखडेकाका माझ्याकडे बघतायत.

शेवटी सर फोनवर ओरडले, "प्रोग्रामच्याच फोल्डरात जुनी बसली हाये ना! तो आधी घरात पाहते, मंग गावात!" मग जुनी काढली आणि नवी गावातून उचलून घरात आणून बसवली.

*

आणि यंदाचा कापूस खरेदीचा मुहूर्त. कापसाची पहिली गाडी काट्यावर, मागे रस्त्यापर्यंत रांग आणि प्रोग्राम उघडेना. जिनिंगच्या शेठचा फोन आला, "आज काटा अडला तर उद्यापासून दुसरा सॉफ्टवेअरवाला!"

आमचं मोठं गिऱ्हाईक हे एवढंच. लगेच गाडी काढून अकोल्याला निघालो. सलीमभाई पेनड्राइव्ह मुठीत धरून बसले होते.

कॉम्प्युटरला दसऱ्याचा झेंडूचा हार तसाच होता. फोल्डर उघडला तर डीएलएल गायब!

"काका, काय केलं?"

"दसऱ्याची सफाई केली. ज्या फाइली क्लिक करून उघडून नाही राहिल्या, त्या पुसल्या. कामाच्या नसतीन म्हटलं."

सलीमभाईंनी डीएलएल टाकली. स्क्रीनवर वजनाचा आकडा उमटला आणि माझा जीव भांड्यात पडला.

काका मात्र नाराज. "मले येडा समजता काय? सलीमभाईनं पहिल्या दिवशी पाठवलेली फाइल जपून ठेवली ना मी! उघडत तर ते बी नव्हती."

त्यांनी डेस्कटॉपचा कोपरा दाखवला. तिथे, नेमकं त्या 'लिब' फाइलवर, काचेला कुंकवाचं बोट लावलेलं होतं!